मस्कतचं घर पाहून आले

पहूर, मळ्यातलं घर
पाडव्यानंतरचा शनिवार

प्रिय हेमांगी,

तुझ्या आजीचा हात तुझ्या डोक्यावर, पण लांबूनच. हातावर सरकारी शिक्का आहे. मतदानाला बोटाला शाई लावतात, मुंबईच्या विमानतळावर आख्ख्या डाव्या हाताच्या पाठीवर लावली. शिक्का मारणाऱ्या पोराला मी विचारलं, बाबा, निवडून कोण आलं? तो तोंडावरच्या फडक्याआड हसला. तुझा बाप नाही हसला. मस्कत सोडल्यापासून अभिमन हसलेलाच नाही.

अक्षर शेजारच्या मळ्यातल्या दिपमालाचं आहे, बोलणं माझं. ती बाहेर निंबाखाली बसलीय, मी खिडकीच्या आत. शिक्का आहे तोवर आम्हा मायलेकांना गावातल्या घरी जायचं नाही, म्हणून इथे मळ्यात ठेवलंय. तुझी आई सकाळ-संध्याकाळ डबा पायरीवर ठेवते आणि चार पावलं मागे सरून बोलते. दिपमालाला मी बजावलंय, मी बोलते तसं लिही, माझ्या तोंडी चांगले शब्द घालू नको. फोन का नाही केला म्हणशील. फोन तुझ्या बापाच्या खिशात आणि बाप पलीकडच्या खोलीत. मधली भिंत अशी की मी कूस बदलली तरी विचारतो, आई, काय झालं. शिवाय फोनवर तू ‘हो आजी, बरं आजी’ यापलीकडे जात नाहीस. पत्राला मधेच ‘बरं आजी’ म्हणता येत नाही. सध्या तो जेवून घोरतोय. घोरणं चालू तोवर पत्र चालू. उद्या नथ्थू केळीची गाडी घेऊन तुझ्याकडे धुळ्याला निघेल. माणसाला जिल्ह्याची हद्द बंद आहे, केळीला उघडी आहे. तेव्हा घडांच्या मधे बसून तुझी आजीच आली असं समज.

आधी घराचं सांगते, कारण मी घर पाहायलाच गेले होते. सोयरीक पक्की करायच्या आधी मुलाचं घर पाहून यावं, ही आपली रीत. लोक त्यासाठी जामनेरला जातात, भुसावळला जातात. ही म्हातारी विमानात बसून निघाली म्हणून गाव हसलं. तूही म्हणालीस, आजी, त्यानं व्हिडिओत सगळं दाखवलंय की. अगं, व्हिडिओत माणूस दाखवील तेवढंच पाहावं लागतं. मला मोरी पाहायची होती. पाहुणे येणार म्हटलं की बैठक कुणीही झाडतो, मोरीचा कोपरा कुणाला आठवत नाही. तर ऐक, भूपेंद्रची मोरी स्वच्छ आहे. हात पुसायचं फडकंही रोज धुतलेलं असायचं, कारण रोज मी पाहिलं. स्वयंपाकाचं मात्र विचारू नको. मी इथून भरताची वांगी नेली होती, तर मला बसवून ठेवून त्यानं स्वतः भरीत केलं. वांगी वरून कोळसा आणि आतून कच्ची. मला त्याच्यापेक्षा वांग्यांची दया आली. आपली वांगी, एवढा समुद्र ओलांडून गेली आणि हे नशीब.

काम त्याचं समुद्राच्या पाण्याचं गोड पाणी करायचं. मी विचारलं, मग त्यातलं मीठ कुठं जातं? बराच वेळ समजावून सांगितलं त्यानं. मला काही कळलं नाही. पण तुम्हाला नाही कळायचं आजी, असं तो एकदाही म्हणाला नाही. दीपनगरच्या कॉलनीत वाढलेलं पोर ते. बाप सुपडूभाऊ वीजकेंद्रात, दिवाळीच्या दिवशीसुद्धा पाळीवर. वीज काय नि पाणी काय, कुणीतरी जागेवर उभं असल्याशिवाय येत नाही, हे त्याला घरातूनच माहीत.

बेत पंधरा दिवसांचा होता. पण आठवडाही झाला नाही तोच साथ आली आणि तिथली दुकानं मिटू लागली. आज या देशानं दार लावलं, उद्या तो लावणार, असं त्याच्या फोनवर सारखं येत होतं. एके दिवशी संध्याकाळी आम्ही चहा पीत होतो. भूपेंद्र समोर उभा राहिला आणि म्हणाला, “नाना, उद्याच्या विमानाची तुमची तिकिटं काढलीत. तुम्ही निघा.” तुझ्या बापाची बशी तोंडाशी जाता जाता थांबली. त्याला जन्मात कुणी निघा म्हटलेलं नाही. तो उठला की लोक त्याची चप्पल लपवतात, आज राहा, सकाळी जा, असा गोंधळ घालतात. इथे बॅगासुद्धा पोरानंच भरून दाराशी नेऊन ठेवल्या. एकदाही राहा म्हणाला नाही. टॉवेल-टोपी नाही, मला साडी नाही, काही नाही. विमानात अभिमन ढगांकडे असा बघत होता की ढगांनीच त्याचं काही बिघडवलंय.

आम्ही उतरलो आणि त्याच आठवड्यात विमानं थांबली. माझ्या बीपीच्या गोळ्या मोजून नेलेल्या. तिथे राहिलो असतो तर मी आज तुला पत्र सांगत नसते, नथ्थूच्या गाडीत माझा हार घातलेला फोटो येत होता. हे तुझ्या बापालाही कळतं. पण तो म्हणतो, पोरगं बरोबर असेल, रीत नव्हती. जो आज माझ्या आईला दार दाखवतो, तो उद्या माझ्या पोरीला दाखवील.  बोलणं वाईट नाही त्याचं, हेमांगी. बापाचं बोलणं आहे. म्हणून तर त्याचं उत्तर द्यायला मला एवढा कागद लागतोय.

थोडं थांबावं लागलं. घोरणं बंद झालं होतं. दिपमालानं पॅड पोटाशी धरून मला मोठ्यानं विचारलं, आजी, यंदा वाळवणाला ज्वारीचे बिबडे किती करायचे? मीही मोठ्यानं सांगितलं, पाऊस कधी येतो त्यावर. आमच्या दोघींचं ते ऐकून तो पुन्हा झोपला. झोप त्याची लहानपणापासून अशीच आहे, खोटं बोललं की लगेच लागते.

तुला माहीत आहे, माझं माहेर शिरपूरकडचं. तिकडे सगळ्याला बठ्ठं म्हणतात आणि आहे-ला शे. इथे येऊन इतकी वर्षं झाली, अजून रागावले की मी शे वरच येते. तुझा बाप पोटात होता तेव्हा तिकडून निरोप आला, आई आजारी आहे, येऊन जा. मी पिशवी भरली. सासूबाई म्हणाल्या, आजचा दिवस राहा, उद्या पुरणाचं करून देते, आईला ने. दीर म्हणाले, उद्या बैलगाडी जामनेरच्या एसटीपर्यंत जायचीच आहे, या अंगानं पायपीट नको. जावेनं तर गमतीनं पिशवीच लपवली. सगळ्यांनी मायेनंच केलं गं, कुणाच्या मनात काही नव्हतं. मी राहिले. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या घेऊन पोचले, तर आमच्या अंगणात शेजारणी बसलेल्या होत्या आणि एकही माझ्याकडे बघेना. पोळ्या फडक्यात तशाच राहिल्या. कुणावर राग नाही माझा. पण तेव्हापासून ‘राहा’ हा शब्द मी ओळखून आहे. फार गोड आहे तो, आणि माणसाला धरून ठेवतो.

आता ज्यासाठी पत्र मांडलं ते. तू भूपेंद्रला फोनवर विचारलंस, माझ्या वडिलांना का हुसकून लावलं. तो म्हणाला, चुकलं असेल माझं. तेव्हापासून तू त्याच्याशी बोलत नाहीस, हे तुझ्या आईनं मला पायरीवरून सांगितलं. तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते. त्या दिवशी दुपारी तो कामावरून आला तेव्हा तुझा बाप असाच घोरत होता. पोरगा स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला. तोंड उतरलेलं. म्हणाला, “आजी, दोन जागा धरून ठेवल्यात. पण नानांना जा कसं म्हणू? पहिल्यांदा माझ्या घरी आलेत.” मी म्हटलं, विचारू नको. विचारलंस तर तो नाही म्हणेल. मग तुला राहा म्हणावं लागेल. मग तो म्हणेल, बरं, दोन दिवस बघू. आणि आपण सगळे गोड बोलत बोलत इथेच अडकू. सरळ सांग, निघा. बॅगा दाराशी ठेव. साडी-टोपी आणायला बाजारात जाऊ नको. “नाना रागावतील,” म्हणाला. मी म्हटलं, रागावू दे, रागावलेला माणूस भरभर चालतो. आणि माझं नाव घेऊ नको, नाहीतर तो माझ्याशी वाद घालत बसेल नि विमान निघून जाईल. तूही चल आमच्याबरोबर, असंही म्हटलं मी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तुमचा साखरपुडा, त्यासाठी रजासुद्धा मंजूर होती त्याची. तो म्हणाला, “इथलं पाणी टाकून कसं येऊ आजी?” एवढंच म्हणाला आणि माझ्या चपला पुसायला घेतल्या, वाळू लागली होती म्हणून. आखाजी हुकणार, हे त्याला तेव्हाच कळत होतं. विमान कधीच उतरलं, पण पोरगा अजून मला दिलेला शब्द पाळतोय. तुझ्याशीसुद्धा.

परवा मी हे बठ्ठं तुझ्या बापाला सांगून टाकलं. तर म्हणतो, आई, तू त्याला पदराखाली घेतेस. मी खरं बोलले की त्याची झोप उडते, एवढाच उपयोग झाला. सोमवारी तो सुपडूभाऊंना फोन करून नकार कळवणार आहे. तुला विचारलं तर तू म्हणालीस, तुम्ही म्हणाल तसं. तेवढं मला पटलं नाही. नथ्थू उद्या दुपारपर्यंत तुझ्या दारात येईल. वाचून झालं की आधी भूपेंद्रशी बोल आणि मग बापाशी. बापाला विचारू नको, सांग. रागावला तर काय होतं, ते वर लिहिलंच आहे. आणि तुला स्वतःलाच तो नको असेल, तर तेही तुझ्याच तोंडानं सांग, मी दोन्हीला आहे. पण घर पाहायला मी गेले होते, तेव्हा माझं ऐकून ठेव. घर पाहिलं, पसंत आहे. इथे तुला सगळे राहाच म्हणतील, समुद्रापलीकडे कशाला म्हणतील. मीसुद्धा म्हणेन. तू समोर असतीस, नाहीतर फोनवर तुझा आवाज ऐकला असता, तर माझ्या तोंडून तेच निघालं असतं, मला माहीत आहे. म्हणून दिपमालाच्या हातून कागदावर उतरवून घेतलं, म्हणजे मागे घेता येणार नाही. जा.

तुझीच,
मोरी तपासून आलेली
भिकुआजी