सकाळी सातचे तुरळक थेंब

दि. ४ मार्च, मंगळवार

चि. सौ. मनीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नावाआधी ‘सौ.’ आज पहिल्यांदा लिहिते आहे, पाच वर्षं उशिरा. आम्ही दोघं देवाच्या कृपेनं ठीक आहोत. बाबांचा गुडघा जिन्यात कुरकुरतो, पण डॉक्टरचं नाव काढलं की ते एकदम तरुण होतात.

पत्राचं कारण आधीच सांगते, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन. येत्या सोमवारी हवामानवाले आपल्या गच्चीवरचं पाऊस मोजायचं यंत्र काढून नेणार आहेत. शाळेच्या गच्चीवर बसवतील. म्हणजे मंगळवारपासून सकाळच्या टीव्हीवर आपल्या भागात थेंब दिसणार नाहीत. मला काही झालं असं मनात आणू नकोस.

तुला यातलं थोडं तुझ्या शिवणवाल्या मैत्रिणीकडून कळलंच आहे. बाकीचं मी सांगते. यंत्र दोन वर्षांपूर्वी बसवलं. वर नरसाळं, आत चमच्याएवढी दोन झुलती भांडी. त्यात कबुतरं घाण करायची. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, कळकट वस्तू मला बघवत नाही. रोज पूजा आटोपली की मी वर जाऊन ते तांब्याभर पाण्यानं धुवायची. पाणी वाया नको, म्हणून खाली गुलाबाची कुंडी ठेवलेली.

इकडे टीव्हीवर शहराच्या सगळ्या भागांपुढे सूर्य, आणि आपल्याच भागापुढे ढग, तीन थेंब आणि वाक्य: ‘हलका पाऊस. छत्री जवळ ठेवावी.’ भर मार्चमध्ये. समोरच्या मास्तरीणबाई छत्री घेऊन निघायच्या आणि घामाघूम होऊन परत यायच्या. इस्त्रीवाल्यानं तर आठवडाभर कपडेच वाळत घातले नाहीत. बाबा म्हणायचे, आपल्यावर वरच्याची खास मर्जी आहे.

शेवटी दुरुस्तीवाला आला. माझा तांब्या बघून त्यानं कपाळाला हात लावला. मी त्याला विचारलं, अरे दादा, तिकडे कुणी खिडकीतून बाहेर बघत नाही का? तो म्हणाला, तिकडे माणूसच नसतो, काकू. इथलं यंत्र आकडा पाठवतं, तिथलं यंत्र आधीच लिहून ठेवलेल्या वाक्यांतलं एक उचलतं आणि शेजारी चित्र लावतं. आकडा अगदी लहान असला तर ‘तुरळक थेंब’, त्याहून मोठा असला तर ‘हलका पाऊस’, आणखी मोठा असला तर ‘जोरदार सरी, घराबाहेर पडू नये’. मी कान पकडले आणि धुणं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी तुझी मैत्रीण धावत आली. मला धडधाकट बघून पायरीवरच बसली. तिनं सांगितलं, मी यंत्र धुते हे तिच्याकडून ऐकून थेंबांचं कोडं तू केव्हाच सोडवलं होतंस; तू रोज सकाळी कामावर जाण्याआधी टीव्ही लावतेस, आपल्या भागापुढे थेंब दिसले की “आई उठली” म्हणतेस आणि मगच चप्पल घालतेस. तीन दिवस थेंब दिसले नाहीत म्हणून तिला फोन केलास.

मनी, त्या दिवसापासून मी पुन्हा पाणी घालते आहे, जाणूनबुजून. तांब्याभर नाही, अर्धाच पेला. तेवढ्यात ‘तुरळक थेंब’ येतं आणि त्याला इस्त्रीवाला आता भीक घालत नाही. देवापुढे हात जोडायचे आणि लगेच वर जाऊन खोटा पाऊस पाडायचा, असं वर्षभर चाललंय. देवाची माफी रोज मागते. पण पाणी घालायला रोज जाते. आता हवामानवाल्यांच्या साहेबांना संशय आला आणि यंत्रच हलवायचं ठरलं.

तू म्हणशील, एवढं करण्यापेक्षा एक फोन का केला नाहीस? तेच लिहायचं मी दोन पानं टाळते आहे.

लग्नानंतर तुम्ही दोघं दुपारी घरी आला होतात. तू दार वाजवलंस, “आई, मी आहे” म्हणालीस. मग थोडं थांबून “बाबा, एकदा उघडा ना” म्हणालीस. तुला वाटलं ते आत आहेत, त्यांनीच मला अडवलंय. ते कामावर गेले होते. आत मी एकटी होते, कडीला हात लावून उभी. जिन्यात शेजारीण उभी होती, तिचा खोकला ऐकू येत होता. ती काय म्हणेल, चार घरी काय सांगेल, एवढंच माझ्या डोक्यात. तुमची पावलं खाली गेली तरी मी कडी काढली नाही.

तुमच्या लग्नाचं कळलं त्या दिवशी बाबा रागात काय काय बोलले ते खरं. पण आठवड्यात निवळले होते. रोज विचारायचे, पोरीचा काही निरोप? मी नाही म्हणायची. तू येऊन गेलीस हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. तुझा सगळा राग त्यांच्या नावावर जाऊ दिला आणि वर शहाण्यासारखी गप्प बसले.

यंत्र जाणार म्हटल्यावर माझी झोप उडाली. परवा बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. चहाचा कप तसाच ठेवून गॅलरीत गेले. तासाभरानं आत येऊन म्हणाले, “तिला हे तू लिही. तुझ्या हातानं लिही.” त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते तुझ्याकडे यायला निघणार आहेत. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे सदरा टाकलाय. मी सोबत येऊ का, असं विचारलं, तर म्हणाले, “मला कशाला विचारतेस? तिला विचार.”

म्हणून विचारते. मी येऊ का?

नाही म्हणालीस तरी कळव. जावयांना आशीर्वाद सांग, घेणार असतील तर.

तुझ्या होकारावर हक्क न सांगणारी,
तुझी आई