राखेचा पेपर

६ जानेवारी १९९१, जळगाव
रुपचंद आला होता! सकाळच्या एस.टी.नं धुळ्याहून, तोंडावर बारा वाजलेले. माझ्या हाताखाली पीएच.डी. होऊन पाच वर्षं झाली, अजून हंगामी लेक्चररच. आता धुळ्याच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली आहे आणि मुलाखतीच्या समितीवर मी, म्हणून पाया पडायला. पडू दे.

पण बसल्या बसल्या म्हणतो काय, "सर, राखेच्या पेपराबद्दल जर्नलला पत्र टाकून द्यायचं का? चूक झाली म्हणून?" म्हटलं, "भाऊ, नोकरी मागायला आलास की माझं श्राद्ध घालायला?" आत आमची बायको, प्रमिला, फिसकन हसली. चहा न घेताच गेला. साखर वाचली!

केळीच्या खांबाची राख टाकली की रासायनिक क्रिया झपाट्यानं होते, ब्याण्णव टक्के माल हाती येतो — हा तो पेपर, पंच्याऐंशी सालचा. छापायच्या आधीच हा रडत आला होता. "सर, पहिला फ्लास्क नीट धुतला नव्हता, आधीचं तांबं त्यात राहिलं, त्यानंच क्रिया झाली. बठ्ठं परत करी देखं, तीसना वर जात नही." घाबरला की अहिराणी सुटते त्याची. पुन्हा केलं की तीस टक्क्यांच्या वर जात नाही म्हणे. मी सांगितलं, एकदा आले ना ब्याण्णव? तेवढंच लिही. आणि पहिलं नाव माझं. गुरू काय शेपटीला बसणार?

९ जानेवारी
कॉलेज पुरे झालं, विद्यापीठातल्या प्रोफेसरच्या जागेचा अर्ज भरला. प्रोफेसर चुडामण भंगाळे! यावलला बाबांना कळवलं. बाबा म्हणाले, "म्हणजे पगार वाढीन का?"

१८ जानेवारी, पुणे
तेवीस! एकट्या राखेच्या पेपराचे तेवीस उल्लेख, म्हणजे सायटेशन! मुलाखतीत सांगायला झालं.

कोणाचा पेपर जगात कोणी कुठे उल्लेखला, हे छापणारे जाडजूड ग्रंथ आहेत इथल्या लायब्ररीत. जळगावात कोणी बघितलेसुद्धा नसतील. त्या तेवीस जणांनी काय लिहिलंय ते बघायचं तर एकेक जर्नल काढावं लागतं. मला गाडी गाठायची होती. आणि बघायचं कशाला? पंगती किती उठल्या ते मोजायचं, जेवणारे काय बोलले ते कोण विचारतं!

मग गंमत म्हणून रुपचंदचं नाव शोधलं. नाही! हे लोक पहिलंच नाव धरतात, मागच्याला जागाच नाही. मी एकटाच मोठ्यानं हसलो. ग्रंथपाल बाई बघायला लागल्या.

२ फेब्रुवारी, धुळे
आज त्याची मुलाखत. बरं बोलत होता — तेच नको होतं. त्या पत्राचं खूळ डोक्यात असलेला माणूस कायम झाला की शिरजोर होणार. विचारलं, "तुमच्या नावावर सायटेशन किती?"
"सर, ते काम आपण दोघांनी—"
"किती?"
"माहीत नाही, सर."
"मी पुण्याला जाऊन मोजून आलोय. शून्य!"

सगळी समिती हसली. त्याचे कान लालभडक. जागा प्राचार्यांच्या साडूच्या पोराला दिली.

व्हरांड्यात त्याची बायको कुंदा पेढ्यांचा पुडा घेऊन बसली होती. मला बघून लगबगीनं उभी राहिली, पदर सावरला, पुडा उघडायलाच लागली. म्हटलं, "राहू द्या, घरी खा." काय चेहरा झाला बाईचा!

२० फेब्रुवारी
रुपचंदची हंगामी नोकरीही गेली. मेडिकलच्या दुकानात गोळ्या विकतो म्हणे. चला, रसायनशास्त्रातच आहे!

११ मार्च
विद्यापीठात माझी मुलाखत. समितीवर मुंबईहून आलेल्या एक तज्ज्ञ बाई. मेलीनं सगळ्या तेवीस पेपरांच्या झेरॉक्स आणल्या होत्या. "भंगाळे सर, हे वाचलेत?" मी हो म्हणालो. "मग मोठ्यानं वाचा."

भंगाळे यांचा निष्कर्ष आम्हाला मिळाला नाही. भंगाळे यांचा दावा चुकीचा आहे. जपान, पोलंड, कानपूर — जगभर राख टाकून बसलेत साले, आणि सगळ्यांच्या तोंडी माझं नाव! चौथ्या पेपरानंतर पाणी मागितलं. तरी बाई वाचायलाच लावत होत्या. समितीतलं कोणीतरी हसलं.

म्हटलं, प्रयोग विद्यार्थ्यानं केले, मला त्यानं अंधारात ठेवलं. बाई म्हणाल्या, "तसं त्याच्याकडून लिहून आणा. आठ दिवस थांबते. नाहीतर तुमच्या कॉलेजला कळवावं लागेल."

प्रोफेसरकी गेली खड्ड्यात. आता आहे ती नोकरी वाचली पाहिजे. प्रमिलाला काही सांगितलं नाही.

१४ मार्च, धुळे
रुपचंदच्या घरी गेलो. कागद टाइप करूनच नेला होता — चूक माझी, सरांना ठाऊक नव्हतं. खाली फक्त सही हवी होती. कायम नोकरी लावून देतो म्हणालो. हात जोडले. मी! कुंदाबाईंनी चहा दिला, साखर भरपूर. त्यानं कागद सावकाश वाचला, घडी घातली, माझ्या खिशात ठेवून दिला. घाबरला नव्हता, तरी अहिराणीतच बोलला.

"सर, मना नाववर शून्य शे. तुम्हीच मोजं ना?"