जोडघराच्या पलीकडल्या बाजूस

एलिझाबेथ नॉर्थ,
२ जून २०१८

प्रिय नोरीन,

माझं पत्र तुला नाताळातच यायचं, त्यामुळे जूनमध्ये हे अक्षर बघून तुला आधी मुलाचीच काळजी वाटली असेल. कॉलिन बरा आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू श्वास रोखून वाचणार नाहीस. मीही बरी आहे. गुडघे सोडले तर ब्याऐंशी वर्षांच्या बाईचं असावं तितपत सगळं शाबूत आहे. चहा करून घे आणि बस. पत्र लांबणार आहे.

तुमच्या अर्ध्या घरात आता सुभद्रा नावाची बाई राहते. नवरा, सासू, तीन मुलं. भूतानमधून निघाले, वीस वर्षं निर्वासितांच्या छावणीत काढली आणि इथे आले. तुझा लेन रुबार्ब लावायचा त्या वाफ्यात तिनं मोहरी लावली आहे. मधली भिंत होती तेवढीच पातळ आहे. पूर्वी लेनचा खोकला ऐकू यायचा, आता कुकरच्या शिट्या येतात. सासूबाईंना इंग्रजीचा एक शब्द येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही, तरी आम्ही रोज कुंपणापाशी अर्धा तास बोलतो. परवा त्यांनी माझ्या स्वेटरची उसवलेली बाही ओढून घेतली आणि मला तिथंच उभी करून शिवून दिली. मला एकदम आपले सुरुवातीचे दिवस आठवले.

हे एलिझाबेथ शहर ज्यांनी कागदावर आखलं त्यांनी किती बारीक विचार केला होता, नाही? बाबागाडी ढकलत दहा मिनिटांत दुकानं, मोठा रस्ता न ओलांडता शाळा, सायकलवर पंधरा मिनिटांत कारखाना. आजीआजोबा तेवढे ते विसरले. आपल्या रस्त्यावर चाळिशी उलटलेलं एक माणूस नव्हतं. पोर तापानं फणफणलं तर विचारायचं कुणाला? सगळ्यांच्या आया तिकडे विलायतेत, दहा हजार मैलांवर. म्हणून आपणच एकमेकींच्या आया झालो. चिखलात रुतलेल्या बाबागाड्या ओढायच्या, एकीनं पाव भाजायचा आणि चौघींनी खायचा. पंचवीस डिसेंबरला बेचाळीस डिग्रीत पुडिंग उकडत बसायचं आणि घामाच्या धारा पुसत एकमेकींना सांगायचं, घरच्यासारखं वाटतंय हं!

घर देताना कचेरीतल्या बाईनं विचारलं होतं, मुलं किती? आर्थरनं रकान्यात लिहिलं, 'येतील.' तीन खोल्यांचं घर मिळालं आम्हाला. दोन मुलं पोटातच गेली, तिसऱ्या वेळी डॉक्टरनं नको म्हणून सांगितलं. हे तुला ठाऊकच आहे, तूच माझ्याजवळ बसलेली असायचीस. पण एक ठाऊक नसेल. त्या काळात रस्त्यावरच्या सगळ्या दोरांवर लंगोट वाळत असायचे, म्हणून मी आमची दोरी मुद्दाम घराच्या मागच्या कोपऱ्यात बांधून घेतली होती.

आणि तुझा कॉलिन कुंपणाच्या फटीतून यायचा. अडीच वर्षांचा. आधी डोकं, मग पोट, मग हट्टानं ओढून घेतलेला पाय. "हिल्डा आंटी, आई म्हणते मी जेवलोय, पण मी नाही जेवलो." तू पलीकडून ओरडायचीस, "खोटारडा आहे तो! दोन अंडी खाल्लीत!" आणि मी त्याला तिसरं द्यायची.

लेन गेला तेव्हा कॉलिन चौदाचा होता. दुसऱ्या वर्षी संडरलँडहून तुझ्या आईच्या पक्षाघाताची तार आली. तुझ्याजवळ एकाच तिकिटापुरते पैसे होते. मीच म्हणाले, जा तू, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, शाळा बुडवू नको त्याची. जहाज सुटताना तो हात हलवायला तयार नव्हता. तू वरून त्याचं नाव घेत होतीस आणि तो पाठ करून मालाच्या पेट्या मोजत होता. गाडीत बसल्यावर मात्र माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. पंधरा वर्षांचा घोडा. तो मला जड झाला नाही, नोरीन. तिथूनच सगळं बिघडलं.

मोटारींचा कारखाना बंद झाला हे तू बातम्यांत पाहिलंच असशील. गेल्या ऑक्टोबरात. शेवटची गाडी बाहेर पडली तेव्हा फाटकापाशी आम्ही म्हाताऱ्या घडीच्या खुर्च्या टाकून बसलो होतो, जत्रेला आल्यासारख्या. आर्थरच्या रंगखात्यातला बर्ट ऑक्सिजनची नळी लावून आला होता. कुणी भाषण केलं नाही. माणसं बाहेर येत होती, गळ्यात पडत होती आणि मग गाडी कुठे लावली तेच आठवत नसल्यासारखी उभी राहत होती. शहर कारखान्यासाठी आखलेलं, आता नुसतं शहर उरलं. दुकानांची निम्मी दारं लाकडी फळ्या मारून बंद आहेत. पण सुभद्राची मुलं त्याच शाळेत त्याच पायवाटेनं जातात, मोठा रस्ता न ओलांडता.

कॉलिनची चव्वेचाळीस वर्षं तिथे गेली. बायको सोडून गेली, मुलगी पर्थला, तो इथून तीन गल्ल्या पलीकडे एकटा. त्या संध्याकाळी डबा घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आंटी, आईनं बोलावलं असतं ना, तर मी या कारखान्याचं तोंडही पाहिलं नसतं." मग हसून म्हणाला, "नाही बोलावलं तेच बरं. तिकडचा पाऊस मला कुठे झेपला असता?" साठीचा माणूस, आणि हसताना अजून खाली बघतो.

आता लिहायलाच हवं. एकोणीसशे त्र्याहत्तरच्या जानेवारीत तुझं जाड पाकीट आलं, कॉलिनच्या नावाचं. तो पोहायला गेला होता. मी ते वाफेवर धरून उघडलं नाही, चक्क फाडलं. म्हणजे ते परत चिकटवायचं माझ्या मनात नव्हतंच. आत जहाजाचं तिकीट होतं आणि दोन पानी पत्र. आजी अंथरुणाला खिळली आहे, मला परत येता येत नाही, तू ये. आणि शेवटी तू लिहिलं होतंस, 'तुला यायचं नसेल तर मी रागावणार नाही आणि पुन्हा कधी विचारणारही नाही.' तुझा शब्द म्हणजे शब्द, हे मला ठाऊक होतं. त्याच एका ओळीवर मी डाव टाकला. तिकीट परत पाठवलं आणि सोबत लिहिलं, कॉलिनला इथेच राहायचंय, कारखान्यात शिकाऊ म्हणून लागतोय. त्याच आठवड्यात आर्थरकडून त्याचं नाव घालून घेतलं, म्हणजे निदान अर्धं तरी खरं व्हावं.

तू पुन्हा विचारलं नाहीस. तुझी पुढची पत्रं मी त्याला देत गेले. त्यांत हवापाणी असायचं आणि आजीची तब्येत. तो ती उभ्याउभ्या वाचायचा, मागची बाजू उलटून पाहायचा आणि टेबलावर ठेवायचा. हिवाळ्यापर्यंत टपालपेटीकडे तोच धावायचा. मग धावायचा थांबला. दर नाताळात मी लिहायचे ना, 'कॉलिननं तुला प्रेम सांगितलंय'? त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. त्याच्या नावानं पाठवलेले ते लोकरीचे हातमोजेही मीच घेतले होते. तू फोन केलास तेव्हा मी सांगितलं तसा तो कामावर नव्हता, माझ्यासमोर बसला होता. मान हलवून नाही म्हणाला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढे एकदा कपाट आवरताना ती दोन पानं आर्थरच्या हाती लागली. महिनाभर तो बाहेरच्या खोलीत झोपला. एवढंच म्हणाला, "हिल्डा, त्याला सांग." मी म्हणाले, उद्या सांगते. आर्थर गेला त्याला पंधरा वर्षं झाली.

शेवटी यंदा एप्रिलमध्ये सांगितलं. कारखाना नसल्यामुळे तो रोज यायचा, नळ बघ, बिजागरी बघ, काही बिघडलं नसलं तरी दुरुस्त करायचा. एक दिवस स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात असतानाच मी ती पानं त्याच्यासमोर ठेवली. दोनदा वाचली त्यानं. वाटलं, ओरडेल. त्यानं शांतपणे विचारलं, "त्या दिवशी जेवायला काय केलं होतंस?" मला आठवत होतं. म्हणाले, चॉप्स आणि वाटाणे, तू दोनदा मागून घेतलेस. त्यानं मान डोलावली, पानं घडी करून खिशात घातली आणि गेला. पाच आठवडे आला नाही. तू वर्षानुवर्षं त्याची वाट पाहिलीस, त्यातले पाच आठवडे माझ्या वाट्याला आले, एवढंच म्हणते. त्यानं फिटत नाही हे मला कळतं.

गेल्या रविवारी आला. बसला नाही. तुझा पत्ता मागितला, आजवर त्यानं तो एकाही पाकिटावर लिहिला नव्हता. एकोणीस तारखेला तो विमानात बसतोय नोरीन, वीसला दुपारी तुझ्या दारात असेल. मी म्हणाले, फोन करून कळवू का तिला? तर म्हणाला, "फोन नाही. लिहून पाठव, सगळं. मी पोचायच्या आत तिला कळलेलं असू दे. मला नाही सांगता येणार. मी तोंड उघडलं की तुझी बाजू घेईन, आणि मला ती घ्यायची नाहीये." म्हणून हे पत्र. दुसऱ्याच्या हाती न देता स्वतः टपालात टाकून येणार आहे. क्षमा मागत नाही, ती मागून तुझ्यावर आणखी एक ओझं कशाला टाकू? डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही, यंत्रांच्या आवाजानं गेला तो कान. त्याच्या उजव्या बाजूला बस. परतीचं तिकीट काढलंय का, ते मी विचारलं नाही. तो हक्क तुझा आहे.

तुझीच म्हणवत नाही,
हिल्डा