अब्बांची सही

सावदा,
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

प्रिय सबीहा,

अस्सलाम वालेकुम. आम्ही दोघं बरे आहोत. मेहरुनचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांच्या वरची मेहरुनही. धुळ्यात तुम्ही सगळे खुशाल असाल. तीन दिवसांत तुझे सात फोन आले, मी एकही उचलला नाही. फोनवर तू रडतेस आणि मी हो म्हणून बसतो, हे बासष्टाव्या वर्षी माझ्या ध्यानात आलंय. म्हणून पत्र. तू मराठीची मास्तरीण, पण ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. मजकूर वाच.

विमान झालं. सतरा महिने लागले. अब्बा एकाहत्तरच्या लढाईत ज्याच्यावर काम करायचे तेच नॅट लढाऊ विमान, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाचं. लांबी पंधरा इंच, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा. सांगाडा तेलाच्या डब्याचा, वरचा पत्रा थंड पेयाच्या डब्यांचा. रिव्हेटचे ठिपके उठवायला जुन्या घड्याळाचं दातेरी चाक पत्र्यावरून फिरवलं. ओळ वाकडी आली म्हणून एक पंख तीनदा फेकून दिला. पायलटच्या डोक्यावरची काच म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, तापवून लाकडी साच्यावर ओढलेलं. खुर्चीचे पट्टे गोळ्यांच्या पाकिटातल्या चांदीचे. मेहरुनच्या गुडघ्यांचा तेवढा तरी उपयोग झाला. चाळीस वर्षं कूलर आणि पेट्या ठोकल्या, पण इतकं बारीक काम हातून कधी झालं नव्हतं.

शेजारचे बन्सीलालभाऊ, केळीचे व्यापारी, रोज येऊन विचारायचे, "नासीरभाऊ, हे उडीन का?" काल पूर्ण झालेलं बघितलं आणि हातातला चहा गार करून बसले. मग म्हणाले, "चाचांनी पाह्यलं पाहिजे होतं." मी विषय बदलला.

आता तुझ्या कामाचं बोलतो. पंधरा ऑगस्टला तुमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये विमान ठेवायचं, बुधवारी गाडी पाठवते, असं तू परस्पर ठरवून टाकलंस. तेही चाललं असतं. पण सोबत ज्या बोर्डाचा फोटो पाठवलास, त्यावर लिहिलंय, 'आम्हीही देशासाठी लढलो.' त्या 'आम्हीही'ने माझं डोकं फिरलं. हे विमान मी कुणाला दाखला द्यायला केलेलं नाही. त्या बोर्डाखाली ते ठेवणार नाही. गाडी पाठवू नकोस, रिकामी परत जाईल.

तुझं दुखणं मला कळतं. तुझ्या नाजमीनला त्या शेजारच्या सोसायटीत घर नाकारलं. आधी हो म्हणाले, नाव ऐकलं आणि घर अचानक मालकाच्या भावाला द्यायचं निघालं. पोरीची बँकेत नोकरी आहे, पगार आहे, आणि तिला दारातून परत पाठवलं. त्याच सोसायटीचे लोक पंधरा ऑगस्टला हॉलमध्ये येतील, बोर्ड वाचतील, पाघळतील, असं तुला वाटतं. बाई गं, पालथ्या घड्यावर पाणी. आणि ते पाणी अब्बांचं आहे, मी ते ओतू देणार नाही.

यापुढचं लिहायला चार कागद फाडले.

अब्बा ऐंशी साली हवाईदलातून निवृत्त होऊन आले, दुकान टाकलं, आणि गिऱ्हाइकांना लढाईच्या गोष्टी सांगायचे, हे तुला आठवत असेल. मग एक दिवस त्या बंदच झाल्या. अब्बांचे दोस्त मगनकाका दुकानात काहीतरी टोचून बोलले, अब्बांच्या मनाला लागलं, असं आपल्या घरात सगळे धरून चालले. तू तर काकांशी बोलणंच सोडलंस. ते गेले तेव्हा त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना, भेटायलाही आली नाहीस.

मगनकाका काहीच बोलले नव्हते. ते मी बोललो होतो.

सतरा वर्षांचा होतो. कॉलेजात कुणीतरी मला विचारलं होतं, आणि तोच प्रश्न घेऊन मी घरी आलो. अब्बा एका पेटीला कथलाचा डाग देत होते. मी म्हणालो, "अब्बा, खरं सांगा. एकाहत्तरला कोण जिंकावं असं वाटत होतं तुम्हाला?"

त्यांनी डाग द्यायचा तापलेला खया खाली ठेवला. हात पुसले. म्हणाले, "बेटा, मैंने साइन किया था." एवढंच. पुढं एकोणतीस वर्षं, जाईपर्यंत, विमानाचा शब्द काढला नाही. मीही माफी मागितली नाही. दोष मगनकाकांवर गेला, आणि मी तो जाऊ दिला. भित्रा होतो, दुसरं काय.

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला दोन वर्षांपूर्वी कळला. मेहरुनने माळ्यावरची पेटी काढायला लावली, त्यात त्यांची वही निघाली. विमानाचा एकेक भाग हाताने काढलेला, आणि शेजारी इंग्रजीत काय काय तपासायचं ते. शेवटी लिहिलंय की तपासणाऱ्याने सही केल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. पायलट ती सही बघतो आणि आत बसतो. सबीहा, कुणाचा तरी तरणाताठा मुलगा रोज अब्बांच्या सहीच्या भरवशावर आभाळात जायचा. त्याने अब्बांना कधी काही विचारलं नाही. विचारलं ते पोटच्या पोराने.

एकदा त्यांच्याकडे दाखला मागितला, तो मी. आता ते कबरीत असताना त्यांना पुन्हा दाखला द्यायला हॉलमध्ये उभं करू? मरेन, पण करणार नाही.

तेव्हा माझं ऐक. चौदा तारखेला मीच येतो, एसटीने. विमान केळीच्या खोक्यात, मांडीवर. बोर्ड मी रंगवलाय: 'अतिक शेख, सावदा. विमान तपासलं, सही केली.' याहून एक अक्षर जास्त नाही. कमिटीला चालत असेल तर ठेवू. नसेल तर आल्या एसटीने परत नेतो, बन्सीलालभाऊंच्या वखारीत ठेवतो. तिथे त्याला चहा तरी मिळेल.

आणि नाजमीनला सांग, मामा येतोय. आपण दोघं त्या घरमालकाकडे जाऊ. भांडायचं नाही. फक्त म्हणायचं, घर का देत नाही ते कागदावर लिहा आणि खाली सही करा. बघू त्याचा हात चालतो का.

यशोदाबाईंकडे मी काल जाऊन आलो. सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग तुझी चौकशी केली. आता तू ये.

हे पत्र दोनदा वाचलं, तपासलं. सगळं खरं आहे. म्हणून खाली सही करतोय.

नासीर अतिक शेख