पांढऱ्या कडेचे टायर

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोन हॉलमध्ये आणि हॉलमध्ये आप्पा. तक्रारही त्यांचीच आहे.

गेल्या आठवड्यात तुझी चिऊ येऊन गेली. आजोबांच्या शेजारी बसून म्हणाली, की लग्नाच्या दिवशी घरापासून मंगल कार्यालयापर्यंत मी तुमच्या जुन्या मोटारीतूनच जाणार आणि गाडी तुम्हीच चालवायची. झालं! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्या वडिलांना पंख फुटले. चहाच्या आधी गॅरेज, चहाच्या नंतर गॅरेज. रंग घासून झाला, दिव्यांच्या कड्या चमकवून झाल्या, सीटचे उसवलेले टाके आईकडून घालून घेतले. मलाही बरं वाटत होतं. मग मी सहज खाली वाकून टायर बघितले.

ताई, ते एकवीस वर्षांचे आहेत. कडेवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते बॅटरी मारून वाचलं. गाडी फारशी फिरलीच नाही, त्यामुळे वरची नक्षी नव्यासारखी खोल आहे. पण बाजूंना केसासारख्या चिरा पडल्यात आणि रबर नखानं दाबलं तर पाटीसारखं कडक लागतं. टायरच्या दुकानातल्या बाईंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, टायर नुसता उभा राहूनही म्हातारा होतो. यावरून नवरी सोडाच, भाजीसुद्धा आणू नका.

आप्पांचं म्हणणं एकच: नक्षी शाबूत आहे, हवा टिकतेय, आणि तू मला टायर शिकवू नकोस. मी हल्लीच्या गाड्यांचे रुंद टायर सुचवले, तर म्हणाले, माझ्या मोटारीला दुसऱ्याच्या चपला घालणार का? तेव्हापासून आमच्यात फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोलणं आहे.

तुझं ऐकतात. काहीतरी लिही. माझ्यावर लोभ असेल तर लवकर लिही.

तुझा,
खटपट्या


११ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग घाबरले. मागच्या सीटवर माझी मुलगी बसणार आहे, त्यामुळे घाबरण्याचा हक्क तुझ्यापेक्षा माझा मोठा.

पण तू चुकलास कुठे, ते सांगू? तू त्यांना सगळ्यांदेखत, जेवणाच्या टेबलावर सांगितलं असणार. होय ना? लहानपणी घड्याळ उघडून ठेवायचास तसं माणसालाही उघडून ठेवतोस, मग स्क्रू शोधत बसतोस. तुला टायर बदलायचे आहेत. त्यांना वाटतंय, आज टायर, उद्या ड्रायव्हर. जूनमध्ये डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून कुणी चष्म्याबद्दल विचारलं तरी ते चिडतात, लक्षात आलंय का तुझ्या?

तेव्हा एक कर. त्यांच्या पाठीमागे टायर बदलू नकोस, ते कधीच विसरणार नाहीत. त्या बाईंच्या दुकानात त्यांनाच घेऊन जा आणि गप्प उभा राहा. जुन्या गाड्यांसाठी जुन्या चेहऱ्याचे नवे टायर करतात म्हणे, माझ्या ऑफिसातले एक जण सांगत होते. निवड त्यांना करू दे. इतकं करूनही नाही ऐकलं, तर मी चिऊला सरळ टॅक्सीनं आणीन आणि वाईटपणा माझ्याकडे घेईन.

आईला माझी आठवण सांग. गप्प उभं राहायची आजपासूनच सवय कर.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळे सुखरूप आहेत, हे पहिल्याच ओळीत लिहितो. आता बाकीचं वाच.

तुझं पत्र मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी आप्पांना दुकानात न्यायचं मी ठरवलं. पण सकाळी उठलो तर गॅरेज रिकामं. चिऊच्या लग्नाच्या रस्त्याचा सराव म्हणून आप्पा आईला शेजारी बसवून गाडी घेऊन गेले होते. नऊच्या सुमाराला आईचा फोन आला. आवाज नको इतका शांत होता.

पुलाचा उतार उतरताना मागच्या टायरची वरची अख्खी पट्टी सालीसारखी सुटली. ती मडगार्डवर धाडधाड आपटायला लागली आणि पाठोपाठ टायर फुटला. गाडीचा मागचा भाग हेलकावे खायला लागला. आई सांगते, की त्यांनी ब्रेकवर पाय मारला नाही, नुसता अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, दोन्ही हातांनी स्टीअरिंग सरळ धरून ठेवलं आणि तिला म्हणाले, घट्ट बस. गाडी आपल्या गतीनं मंदावत रोपवाटिकेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. समोरून येणारा ट्रक वेळेत थांबला. कुणाला ओरखडासुद्धा नाही.

मी पोचलो तेव्हा आप्पा कडेच्या दगडावर बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, की तू सांगितलं होतंस. मी घरून निघताना केवढी भाषणं तयार केली होती! ती सगळी बाजूला ठेवली. मीही त्यांच्या शेजारी बसलो. स्टेपनीही त्याच वयाची, म्हणून टोइंगवाल्याला बोलावलं.

पण आता वेगळंच झालंय. ते गॅरेजकडे फिरकत नाहीत. गाडी विकून टाक म्हणतात, पोरीला मी नेणार नाही म्हणतात. परवापर्यंत मला हेच हवं होतं. आज ऐकवत नाही. काय करू, सांग.

घाबरू नकोस. सावकाश लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझा,
खटपट्या


८ मार्च

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं मला आलेलं पत्र तीनदा वाचलं. तू रागावली नाहीस, याचीच मला जास्त लाज वाटली. तुझ्या आईला घेऊन मी त्या टायरांवर निघालो, हा शुद्ध हट्ट होता. आणखी काही त्याला नाव नाही.

गाडी विकू नका, आधी टायर बघा, असं तू लिहिलंस म्हणून गेल्या सोमवारी खटपट्या मला टायरच्या दुकानात घेऊन गेला आणि तासभर एक शब्द बोलला नाही. हे त्याला कुणी शिकवलं असेल, ते मी ओळखलं. दुकानातल्या बाई जाणकार आहेत. त्यांनी तीन प्रकार समोर मांडले. एक, जुन्या पद्धतीनेच नव्यानं केलेले. दिसायला हुबेहूब, पण रस्त्यावर चर आला की गाडीला त्यातच ओढणारे. दुसरे हल्लीचे रेडियल, आतून तारेचे पट्टे असलेले. पकड उत्तम, पण बुटके आणि रुंद. माझी मोटार त्यावर बसकण मारल्यासारखी दिसली असती. तिसरे, बाहेरून जुन्या उंचीचे, अरुंद, जुन्याच नक्षीचे, पण आतून रेडियल. मी बाईंना सतराशे साठ प्रश्न विचारले. त्यांनी न कंटाळता प्रत्येक टायरवरचा आठवडा दाखवला. सगळे याच हिवाळ्यातले. तिसरे घेतले. पाचही, स्टेपनीसकट.

अडलं ते टायरच्या बाजूला असते त्या पांढऱ्या कडेवर. दोन बोटं रुंद की तीन? मी अर्धा तास घोळ घालत होतो. शेवटी तुझी आई म्हणाली, तीन बोटांची कड लांबून तबल्यासारखी दिसेल. दोन बोटं ठरली.

आता खरी गोष्ट. टायर नवे झाले तरी चालवणारा जुनाच आहे. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंकडे गेलो आणि सांगितलं, की शिकाऊ माणसाची घेता तशी माझी परीक्षा घ्या, वयाची सूट नको. पाच दिवस त्या शेजारी बसल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांचाही कागद आणला. बाईंचं मत असं, की दिवसा, ओळखीच्या रस्त्यानं, हळू चालवायला हरकत नाही. उजवीकडे वळताना मान आणखी वळवा, आणि अंधारात गाडी काढू नका. मला ते मान्य आहे.

तरी मागे बसणारी पोर तुझी आहे. तू नाही म्हणालीस तर मी खटपट्याला किल्ली देईन आणि शेजारी बसून येईन. मनात अढी ठेवणार नाही. चिऊलाही पुलावरचं सगळं खरं सांग, काही झाकू नकोस. मग दोघी मिळून ठरवा.

उत्तराची घाई नाही, असं लिहिणार होतो. पण आहे.

तुझे,
आप्पा


१४ एप्रिल

ती. आजोबांना,
साष्टांग नमस्कार.

नव्या घरातून लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. इथलं टेबल डुगडुगतं, तेव्हा अक्षराला हसू नका.

आईनं तुमचं पत्र मला वाचायला दिलं आणि ठरव म्हणाली. मला ठरवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. पुलावर टायर फुटल्यावर ज्यांनी गाडी सरळ ठेवली, त्यांच्याच गाडीत मला बसायचं होतं. आई मात्र हो म्हणाली तरी दोन रात्री कूस बदलत होती, हे तुम्हाला सांगू नकोस म्हणाली आहे.

आजोबा, किती हळू चालवलीत तुम्ही! एक सायकलवाले काका घंटी वाजवत आपल्याला मागे टाकून गेले. पुलाच्या उतारावर मी आईचा हात धरला होता, की तिनं माझा, कोण जाणे. तुम्ही मान न वळवता म्हणालात, की हीच ती जागा. टायरांचा बारीक आवाज तेवढा येत होता. उतार संपला तेव्हा पुढे बसलेल्या आजीनं मोठ्यानं नाक शिंकरलं आणि आपण सगळे उगाचच हसत सुटलो.

कार्यालयाच्या दारात लोक गाडीभोवती जमले. नवरीकडे कोण बघतो! दोघे-तिघे तर वाकून टायरच न्याहाळत होते, आणि मामा त्यांना आतून रेडियल म्हणजे काय ते हातवारे करून समजावत होता.

तुम्हाला ठाऊक नाही ते आता सांगते. जेवणं आटोपत आली तरी तुमचा पत्ता नव्हता. मी आणि हा, दोघं हार सांभाळत तुम्हाला शोधत बाहेर आलो. तुम्ही गाडीतच होतात. काच खाली, चष्मा कपाळावर, तोंड उघडं, गाढ झोपलेले. मी हाक मारणार, तेवढ्यात मागून आजी आली. म्हणाली, महिनाभर धड झोपले नाहीत, उठवू नका. मग तिनं शेजारचं दार आवाज न करता उघडलं, आत बसली आणि पाचच मिनिटांत तीही डुलक्या घ्यायला लागली.

फोटोवाल्याला मी ओढून आणलं. तो फोटो सोबत पाठवते आहे. टायर त्यात आलेले नाहीत, त्याबद्दल रागावू नका.

माया अशीच ठेवा, आणि आम्ही आलो की आम्हाला एक चक्कर मारून आणा.

तुमची,
चिऊ