नाल्याचं वावर अन् हरीओमचं भेव

मी तुळसाबाई जगदेव लठाड, राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, वय सत्तरीच्या पुढं, शिक्षण चौथी. डोकं ठिकाणावर असताना, कोनाच्या सांगण्यानं नाई अन् कोनाच्या धाकानं तर बिलकुलच नाई, घरच्या ओट्यावर बसून हे मृत्युपत्र माह्या हातानं लिवते. मले आजार कोनताच नाई. हे काम एकदा उरकलं की मरायचं भेव अर्धं कमी होते, म्हनून लिवते.

कलम १. राहतं घर माहा एकुलता एक पोरगा हरीओम अन् त्याची बायको रूपाली, दोघायच्या नावं. भांडाचं असन तं अंगणात भांडा.

कलम २. नाल्याकडचं वावर. माहे मालक वारल्यावर हे माह्या नावावर झालं. याच्यापायीच एवढा कागद.

औंदा श्रावणात या वावरात निंदताना रूपालीच्या पायाले साप चावला. आमच्याकडं त्याचं नाव घेत नाईत, घेतलं तं येते म्हनतात. चावला तरी 'पान लागलं' म्हनतात. हरीओमनं दवाखान्याची गाडी बोलवाले फोन लावला अन् तेच म्हनलं.

"मॅडम, लवकर गाडी पाठवा. बायकोले पान लागलं."

फोनवरची पोरगी तिकडची, दूरची. ती म्हने, "पान खाल्लं का त्यांनी? तंबाखूचं होतं?"

"खाल्लं नाई हो, लागलं! पान!"

"म्हणजे चक्कर येतेय का?"

हरीओम घामानं भिजला, पन तो शब्द तोंडातून निंगेना. शेवटी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलेल्या रूपालीनं फोन हिसकला. "ताई, साप चावला. साप. पायाले. मेडशी, नाल्याचा पूल. या."

गाडी येईपर्यंत माहा दीर भागवत पोचला. "वयनी, पयले मारोतीच्या पारावर नेऊ. लिंबाचा पाला चारा, गोड लागला तं समजा जहर चढलं."

मी म्हनलं, "भाऊजी, पाला तुमी खा. पोरगी दवाखान्यात जाईन."

दवाखान्यात सुया लावल्या, पोरगी वाचली. आज ती चुलीपुढं बसून माह्यावरच खेकसून राह्यली, चहा गार झाला म्हनून. खेकसू द्या. कानाले गोड लागते.

पन हरीओमनं तव्हापासून त्या वावरात पाय नाई टाकला. सोयाबीन मजुरायनं सोंगून घरी आनलं. आता वावरच रिसोडच्या एका गिऱ्हाइकाले इकाले निंगाला. "माय, इकून टाकू. नाव काढलं तरी हातपाय गार पडतात."

"मंग सोयटर घाल. वावर काहून इकतं?"

म्हनून हे वावर रूपालीच्या ~~एकटीच्या~~ अन् हरीओमच्या, दोघायच्या नावं. (खाडाखोड माहीच. कारन खाली.)

कलम ३. हरीओमले माहा टॉर्च, काठी अन् त्याच्या मापाचे आनलेले गमबूट. सोबत अक्कल, फुकट. भेव जात नाई, बाबू. त्याले कामाले लावा लागते. मले डोयातल्या मोतीबिंदूच्या आपरेशनचं भेव होतं. पयल्या खेपेले दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसली, चहा पेली, वापस आली. दुसऱ्या खेपेले आत जाऊन डॉक्टरले पाह्यलं, पोरगंच होतं ते. मंग झोपली टेबलावर. तसंच कर. पयले धुऱ्यावर बसून भाकर खा अन् घरी ये. मंग एक तास फिर. पाय टाकाच्या आदी काठी आपट, दिवसाउजेडी जाय, हात घालाच्या आदी पाह्य. अन् ज्याचं भेव वाटते त्याचं नाव मोठ्यानं घे. नाव घेतल्यानं तो येत नाई, गाडी येते.

कलम ४. पाटल्या माही पोरगी संगीताले. तिले पालीचं भेव लागते. त्याच्यावर माह्यापाशी इलाज नाई.

कलम ५. दीर भागवत याले माह्या अंगणातल्या लिंबाचा पाला, पाह्यजे तेवढा, कायमचा. तोडाले शिडी मागू नये.

सही कराच्या आदीचं. आज सकाळी साक्षीदार आले, मी वाचून दाखवलं. तव्हा वावर रूपालीच्या एकटीच्याच नावं होतं. हरीओम लालबुंद झाला. "माय, गावाले सांगतं का मी भेकड हाव म्हनून?"

"मी फक्त साक्षीदारायले सांगितलं. गावाले ते सांगतीन."

साक्षीदार सेवालाल हसला. हरीओम दार आपटून गेला. आमी चहा पेलो, तरी येईना. रूपाली दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. मीही एकदा फाटकापर्यंत जाऊन पाह्यलं, खोटं काहून लिवू?

दुपारी आला. गुडघ्यापर्यंत चिखल, पँटीले गोखरू चिकटलेले, हातात तुरीची एक फांदी. ती माह्या कागदावरच आपटली.

"अळी पडली नाल्याच्या तुरीवर! सारे फुलं खाऊन राह्यली. अन् तुमी इथं कागद लिवत बसा. रूपाली, फवारा काढ, चाल माह्यासंगं."

दोघं गेले बी. मी तव्हाच 'एकटीच्या' खोडलं. खोडल्यावर सही केली.

ठिकाण : मेडशी
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

सही : तुळसाबाई जगदेव लठाड

माह्यासमोर सही करणारे साक्षीदार :
१. सेवालाल खेमा राठोड, मेडशी
२. गुलाबसिंग किशन चव्हाण, मेडशी