उबेची गठाण

८ डिसेंबर
आज नेरडीगोंड्याहून ऑटोनं आले. गुडीहत्नूरच्या अलीकडे उतरले तर धाकटा भाऊ चंपतराव स्वतः घ्यायला उभा. म्हणाला, चल अक्का, तुला आमच्या गढीवर नेतो. गढी म्हणजे बंद पडलेली कापसाची जिनिंग गिरणी. आत सगळी कबुतरांची सत्ता. म्हटलं, राजा शोभतोस बाबा, पण प्रजा वरून घाण करून राह्यली.

मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात उत्कर्षा लिहिते. अकरा वर्षांची, काडीसारखी. आईबाप हैदराबादला कामाला, म्हणून माझ्या शेपटाला. माझी बोली सरळ करून लिहिते. शिव्या तर पार गाळून टाकते.

भांडण असं. जिनिंगच्या मागं नाल्याकाठी आमच्या भावकीच्या वांगी-मेथीच्या वाड्या आहेत. दगडखाणीच्या मालकाला तिथून रस्ता पाहिजे. जिनिंग पाडली की रस्ता वाड्यांवरूनच. म्हणून आठवडा झाला, वीसेक बायामाणसं आत ठाण मांडून आहेत. मालकाची माणसं मशीन घेऊन येणार, कधी तेवढंच ठरायचं आहे. मी भाकरी थापायला आले. जमलं तर थापडाही.

१० डिसेंबर
तयारी जोरात. बयनाबाईची गोफण बघावी. तीस वर्षं ज्वारीवरची पाखरं हाकलली तिनं. सरावात तिनं भावकीतल्या मारोतीची टोपी उडवली. तो म्हणाला, नेम चुकला असता तर? ती म्हणाली, चुकलाच की.

तिखटाच्या पुड्या बांधून झाल्या. चंपतनं डोकं चालवून गोदामातल्या जुन्या कापसाच्या गठाणी, पट्ट्यांनी आवळलेल्या गासड्या, भिंतींना आतून लावल्या. मागचं दारही गठाणींनीच बुजवलं. दगड आला तर कापूस गिळतो. आम्ही जन्माचे कापूसवाले, सगळ्यांना पटलं.

पुढच्या लोखंडी दाराला बाहेरून कुलूप, हीही त्याचीच अक्कल. कुलूप पाहून आत कोणी नाही समजतील, तोडून बेसावध येतील, की गोफणी सुटतील. किल्ली चंपतकडे. तो बाहेर राहून खबर आणतो, पाण्याचे पिंप भरतो.

१२ डिसेंबर
थंडी अशी की दात आपसात भांडतात. माझे चारच उरलेत, तरी भांडतात. उत्तरेकडची एक गठाण मात्र मस्त उबदार. बायका टेकायला रेटारेटी करतात. मी वय पुढं करून जागा मिळवली. पाठ शेकली, डोळा लागला. चंपतला पाठुंगळी बांधून मी कापूस वेचायची. तेव्हा पाठीला अशीच ऊब असायची.

१३ डिसेंबर
गठाण कालपेक्षा गरम. उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही, हे मला काल काऊन सुचलं नाही. पट्टी सैल करून हात घातला. आत कापूस पिवळा, करपट वासाचा.

कापूस आतल्या आत जळतो. विस्तू पोटात घेऊन चार-चार दिवस धूर दाखवत नाही. हे मला ठाऊक आहे. चंपतलाही ठाऊक आहे, मीच शिकवलं.

मारोती पाण्याला धावला. पिंप रिकामे. काल चंपत भरतो म्हणाला होता.

मग बयनाबाईच्या सुनेचा फोन आला. चंपतची बायको पोरं घेऊन निर्मलला गेली म्हणे. जाऊ दे, माहेर आहे तिचं. पण देवघरातले टाक नेले. फळी धुऊन, पुसून.

पाहुणी जाताना टाक कोणी नेत नाही. घर मोडलं तरच देव हलतात.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, सोनाराकडे उजळायला नेले असतील. मीच म्हटलं. माझ्या शब्दावर सगळे थांबले.

१४ डिसेंबर, सकाळ
तीन गठाणी गरम. मागच्या दाराच्या सगळ्याच. तिथं हात ठेववत नाही.

चंपत दाराशी आला होता. फटीतून बोलला. किल्ली कुठं पडली म्हणाला, शोधतो म्हणाला, अक्का घाबरू नको म्हणाला. खोटं बोलताना त्याचा आवाज मऊ होतो, लहानपणापासून.

मी विचारलं, टाक उजळले का.

चपला वाजल्या. दूर गेल्या.

दुपार
धूर. आधी खालून, आता सगळीकडून. कबुतरं पत्र्यावर आपटतात.

गावाला फोन केले. निघालेत. नाल्याच्या पुलावर मालकाचं मशीन आडवं उभं आहे. खाली उतरून येतायत, पण—

मारोती पहार मारतो. दार हलत नाही. किती भक्कम केलं आम्ही.

वर भिंतीत पंख्याचं भोक आहे. मारोतीनं मला खांद्यावर घेऊन माप पाहिलं. डोकं गेलं, खांदे अडकले. मोठं कोणीच मावत नाही.

बयनाबाई आता खोकत नाही.

उत्कर्षा मावते. जात नाही. आजी आल्याशिवाय नाही म्हणते. रडते आणि लिहिते—

लिही. मारोती उचलतो तुला. बाहेर उकिरडा आहे, लागणार नाही. वही पोटाशी खोच, मामाआजोबांना— नाही, मामाआजोबांना नाही. चंपतला नाही. दुसऱ्या कोणालाही दे.

आणि ते मघाचं खोड. खांद्यांचं. माप चुकलं होतं. मी मावते. खोड ना पोरी. लिही, आजी मावते, आजी मागोमाग ये—